पंखांची हवा

रामपुरात टोप्या शिवणारे पुष्कळ आणि कबुतरं उडवणारे त्याहून पुष्कळ, पण दोन्ही कामांचा एकाच वेळी विचका करणारा माणूस सगळ्या शहरात एकच, असं छिद्दन खाँबद्दल त्यांची बायको कमरन बी म्हणायची. यातलं अर्धं खरं नव्हतं. छिद्दन खाँ टोपी उत्तम शिवत. काळी मखमल, आत लाल अस्तर आणि कड अशी की नवरदेव लग्न लागून गेलं तरी ती डोक्यावरून उतरवायला तयार नसे. फक्त टोपी लग्नाच्या दिवशी हातात पडेल याची खात्री नसे. कारण खाँ साहेबांचे पाय मशीनवर असत आणि कान छतावर. वर पंख फडफडले की खाली टाका चुके.

खरं नाव वजाहत अली खाँ. पण ते रेशनकार्डाला सोडून कुणालाच माहीत नव्हतं.

छतावर लाकडी खणांचं मोठं काबुक होतं आणि त्यात गिरेबाज कबुतरं. ही जात पार ठिपका होईपर्यंत वर जाते आणि तासन्‌तास तिथंच फिरत राहते. बांबूला बांधलेलं काळं फडकं हलवलं की थवा उठायचा. ज्वारीचा डबा वाजवून 'आ आ आ' केलं की उतरायचा. तीन गल्ल्या सोडून नब्बू उस्तादचं छत. खाली सायकलींचं दुकान, वर कबुतरं. आकाशात दोन्ही थवे मिसळले की एकमेकांची पाखरं ओढून आपल्या छतावर उतरवायची, आणि उतरलेलं पाखरू परत मागायचं नाही, हा आमच्याकडचा कायदा. या कायद्यापायी छिद्दन खाँ आणि नब्बू उस्ताद तीस वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. छतावरून ओरडत मात्र रोज असत.

"नब्बू! तुझं पाखरू माझ्या ताटात येऊन बसलंय! घरी उपाशी ठेवतोस काय?"

"ठेव, ठेव! आंधळं होतं म्हणूनच तुझ्याकडे आलं!"

कमरन बी खाली अंगणात पोळ्या भाजता भाजता हे ऐके. कबुतरांना ती सवती म्हणायची. "या सवती तरी ठेवा, नाहीतर मला तरी!" लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात तिने हे पहिल्यांदा म्हटलं, तेव्हा ती खरोखरच रागावली होती. पुढे राग विरून गेला, वाक्य राहिलं. जेवायला उशीर झाला की ती ते म्हणायची, ईदच्या बांगड्या विसरल्या की म्हणायची, आणि कधी कधी नुसतंच, खाँ साहेब फार गप्प आहेत असं वाटलं की, त्यांना हसवायला म्हणायची.

"बेगम, त्या नुसते दाणे खातात. जीव खात नाहीत," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

मुलगी लग्न होऊन मुरादाबादला गेली, आणि त्याच थंडीत कमरन बीला दमा जडला. आधी रात्रीचा खोकला, मग छातीत शिट्टी, मग दोन पायऱ्या चढल्या की भिंत धरून उभं राहणं. हकीम साहेबांनी काढा दिला: ज्येष्ठमध, उन्नाब, जवस, वर मध. दही बंद, मुळा बंद, रात्रीचा भात बंद. नाडी सोडता सोडता ते म्हणाले, "आणि पहाटे परांची हवा घेऊ द्या. कबुतराच्या पंखांची हवा छाती मोकळी करते."

हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. लकव्याच्या माणसाच्या खोलीत कबुतरांची जोडी ठेवतात, दम्याच्या माणसाला काबुकापाशी बसवतात. पण हकीम साहेबांच्या तोंडून ते ऐकताना छिद्दन खाँचा चेहरा असा उजळला, जणू दवाखान्याला त्यांचंच नाव दिलंय! परतताना ते रिक्षात बसायचं सोडून तिच्या रिक्षाबरोबर चालत होते.

"ऐकलंस? तीस वर्षं शिव्या देत होतीस ना? आता त्याच तुझं औषध!"

"औषध कडूच असतं म्हणा," कमरन बी म्हणाली, आणि हसायला गेली तो खोकल्याने वाकली.

त्याच दिवशी तिची खाट छतावर गेली. पहाटे ती डोळे मिटून पडायची आणि खाँ साहेब काबुकाची दारं उघडून सगळा थवा तिच्या अंगावरून उडवायचे. रजईवर पिसं, केसांत पिसं, आणि उशाशी उभे राहून हे विचारताहेत, "काय? काही मोकळं वाटतंय?"

बिचारी "हो" म्हणायची. इतक्या आशेने विचारणाऱ्या माणसाला दुसरं काय सांगायचं?

जरा बरं वाटलं तर ती हवेची करामत. धाप वाढली तर हवा कमी पडली. मग खाट दोन हात काबुकाकडे सरकायची. दमा वाढत गेला आणि खाट सरकत गेली. शेवटी उशीच काबुकाला टेकली. पुढच्या हिवाळ्यात छतावर निजणं होईना, तर खाँ साहेबांनी टोपलीत घालून एक जोडी खाली खोलीत आणली आणि तिच्या पायथ्याशी ठेवली. नवरा बायकोचं करतो तो असा, असं गल्लीतल्या बाया आपापल्या नवऱ्यांना ऐकवायच्या.

त्या जोडीतली मादी म्हणजे सुरमई. काजळाच्या रंगाची, मानेवर हिरवी झाक. म्हातारी होती, पण थवा तिच्यामागे उडायचा.

एका सकाळी कमरन बीचे ओठ निळे पडले. इस्पितळातून ती चार दिवसांनी बाहेर आली, आणि तिथूनच मुरादाबादच्या जावयाने दोघांना बरेलीला छातीच्या डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टर माथुर. वयाने त्यांच्या मुलीएवढी बाई, बोलायला गोड, पण प्रश्न विचारायला ठाणेदार.

"घरात कोळशाची शेगडी?"

"आहे."

"लोबान, उदबत्ती?"

"गुरुवारी. पाहुणे आले की."

"मांजर?"

"तौबा! मांजर असतं तर पाखरं राहिली असती का?"

डॉक्टरणीचं पेन थांबलं. "कसली पाखरं?"

आता असा प्रश्न रामपुरात कुणी विचारला नसता. खाँ साहेब खुर्चीत ताठ झाले. गिरेबाज, आजोबांच्या वेळच्या रक्ताची, खुद्द नब्बू उस्ताद जळतो. सगळं सांगून झालं.

"आणि या झोपतात कुठे?"

"पाखरांपाशीच!" ते अभिमानाने म्हणाले. "मी स्वतः खाट सरकवतो. परांची हवा मिळावी म्हणून."

डॉक्टर माथुर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, खाँ साहेबांना ओरड्याची सवय होती. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, की पिसांची बारीक धूळ आणि वाळलेली शीट श्वासातून छातीत जाते. कुणाला त्याचं काहीच होत नाही. कुणाचा दमा त्यानेच पेटतो.

"यांचा त्यानेच पेटतोय, खाँ साहेब."

खाँ साहेब बायकोकडे बघत राहिले. ती जमिनीकडे बघत होती.

"काढा चालेल का हो, बिटिया?" तिनेच शेवटी विचारलं. कुणी तरी काही तरी बोलायला हवं होतं.

"चालेल. कोळसा बंद करा. चादरी, उशा दर आठवड्याला कढत पाण्यात. बशीतला चहा फुंकतो ना आपण, तसे ओठ करून हळूहळू श्वास सोडायची सवय करा, धाप लागली की उपयोगी पडेल. हे सगळं चांगलं आहे. पण हा पंप रोज. बरं वाटलं तरी रोज. आणि पाखरं घरातून गेली पाहिजेत. नाहीतर बाकीचं सगळं वाया."

बसने वाटेतलं मिलक गाव मागे टाकलं. मग कमरन बी म्हणाली, "मी आपली थट्टेत म्हणायची हो. मला काय ठाऊक, ही पोरगी खरंच धरील म्हणून."

थोड्या वेळाने छिद्दन खाँ उठले, तिच्या अंगावरून वाकून खिडकीची काच ओढली आणि म्हणाले, "लावून घे. धूळ येते."

असा निर्णय झाला.

पाखरं विकायची नाहीत, हे त्यांनी ठरवलं. द्यायची. आणि द्यायची तर ज्याला त्यांची किंमत कळते त्याला, म्हणजे रामपुरात एकाच माणसाला. नब्बू उस्तादने तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचा उंबरा ओलांडला. येताना त्याने तीस वर्षांचे टोमणे घासूनपुसून आणले होते. पण वर छतावर खाँ साहेब एकेक पाखरू हातात घेऊन टोपलीत ठेवत होते आणि प्रत्येकाचं सांगत होते. "हिला बाजरी सोसत नाही. हा उतरताना डावीकडे झुकतो, जखमी आहे समजू नकोस. आणि ही सुरमई, हिला शेवटी दाणे घाल, आधी घातलेस तर रुसते."

"खाँ," नब्बू म्हणाला, "मला ठाऊक आहे. तुझ्या पाखरांवर तुझ्याइतकीच माझी नजर होती."

टोमणे त्याने तसेच परत नेले.

मग आले ते कमरन बीचे चांगले महिने. काबुक फोडून भिंतीला चुना लावला. शेगडी गेली, गॅस आला. चादरी उकळत्या पाण्यात बुडवायचं काम खाँ साहेबांनी स्वतःकडे घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात तिचा ठेवणीतला दुपट्टा त्यात उकळून मोलकरणीलाही देता येणार नाही असा करून ठेवला. ती रोज अंगणात बसून ओठांचा चंबू करून फू करायची आणि हे समोर बसून तिच्याबरोबर फू करायचे. शेजारीण कुंपणावरून विचारायची, "काय हो, दोघं मिळून कुणाचा दिवा विझवताय?" पंप घेऊन, फुंकर मारून, काढा पिऊन ती हळूहळू चालू लागली, बाजारात जाऊ लागली. भाचीच्या लग्नात ढोलक घेऊन बसली आणि गायली. मधेच न खोकता हसली. खाँ साहेब बाहेर पुरुषांत बसले होते. ते हसणं आतून ऐकू आलं तेव्हा कोण हसतंय हे त्यांना आधी कळलंच नाही. किती तरी वर्षांत ते त्यांनी ऐकलं नव्हतं.

मशीनवर बसलं की कान आता तिच्या छातीकडे असे. टोप्या वेळेवर मिळू लागल्या. गिऱ्हाइकं घाबरली.

तिकडे नब्बूने रीतीप्रमाणे पाखरांचे पंख बांधून ठेवले होते. नव्या छताची ओळख पटेपर्यंत पाखरू बांधतात. पण ते लहान पाखरांना लागू. म्हाताऱ्या पाखराला छत एकच. उन्हाळा लागता लागता नब्बूने दोरे सोडले, आणि त्याच संध्याकाळी सुरमई आणि तिच्यामागे दहाबारा जुनी पाखरं छिद्दन खाँच्या चुना लावलेल्या, रिकाम्या छतावर येऊन बसली.

नब्बू टोपली घेऊन आला. घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"काय नशीब आहे बघ," तो घाम पुसत म्हणाला. "तीस वर्षं नमाज पढून मागितलं, छिद्दनची पाखरं माझ्या छतावर उतरू देत. मिळाली तर माझी नोकरी काय? रोज त्यांना माहेराहून आणायची!"

"पाणी ठेवायचं नाही. दाणा ठेवायचा नाही. वर जायचं नाही," खाँ साहेब म्हणाले. "कंटाळतील."

ती कंटाळली नाहीत. जिन्यावरच्या पत्र्यावरून त्यांच्या नखांचा आवाज यायचा. खाँ साहेब मशीन जोरात चालवायचे. एकदा न राहवून त्यांनी वर जाऊन मूठभर खडे फेकले. पाखरांनी ते दाणे समजून खाली उतरून टोचून पाहिले. एवढी वर्षं त्या हातातून दुसरं काही पडलंच नव्हतं. खाँ साहेब जिन्यात येऊन बसले आणि बराच वेळ खाली आले नाहीत.

"ठेवा ना दोनचार," कमरन बी म्हणाली. "मी तोंडाला पदर लावीन."

"नाही."

"बरी आहे मी आता."

"म्हणूनच नाही."

मे महिन्यातली ती दुपार. लूचा भाजणारा वारा सुटलेला, आकाश तापलेल्या तव्यासारखं. पाखरं सकाळपासून छतावर बसून होती. खाँ साहेबांनी ठरवलं, आज शेवटचं. काळ्या मखमलीचा मोठा तुकडा बांबूला बांधला आणि वर जाऊन तो असा फिरवला, असा आपटला, की भीतीने पाखरांनी पुन्हा तोंड दाखवू नये. पण पाखरं भ्यायली नाहीत. फडकं हललं म्हणजे उडायचं, एवढंच त्यांना शिकवलेलं होतं, आणि शिकवलं यांनीच. थवा उठला. किती महिन्यांनी मालकाने हुकूम दिला होता! वर, आणखी वर, ठिपके होऊन ती फिरू लागली. तीन गल्ल्यांपलीकडे नब्बू कपाळावर हात धरून बघत राहिला. अशी भरारी त्याने आयुष्यात पाहिली नव्हती.

उतरायचं केव्हा, तर बोलावतील तेव्हा. आणि बोलावायचं नव्हतं. खाँ साहेब खाली येऊन, दार लावून, मशीनवर बसले.

ऊन कलायला लागलं तसं अंगणात काही तरी धपकन पडलं. सुरमई होती. चोच उघडी, पंख पसरलेले, सगळं अंग भात्यासारखं वरखाली होत होतं. कमरन बी स्वयंपाकघरातून धावली. खाँ साहेब उठेपर्यंत तिने तिला पदरात घेतलं होतं, छातीशी धरलं होतं, बोटाने चोचीत पाणी सोडत होती.

"ठेव! खाली ठेव तिला! आधी खाली ठेव!"

"अहो, धाप लागलीय हिला."

"कमरन, ठेव म्हणतो ना!"

तिने मान वर करून पाहिलं. एवढ्या वर्षांत सवत म्हणून जिला हिणवलं, तिला तिने आणखी घट्ट धरलं. "श्वास लागलेल्याला कुणी खाली ठेवतं का? मला लागायचा तेव्हा तुम्ही ठेवलं होतंत?"

तिने पाखराच्या तोंडावर फुंकर घातली, हळूहळू, ओठांचा चंबू करून. जणू त्यालाही शिकवत होती. खाँ साहेबांनी ते तिच्या हातून ओढून घेतलं तेव्हा पाखरू थंड झालं होतं, आणि तिच्या ओढणीवर, गालावर, पापण्यांवर पांढरी बारीक भुकटी बसली होती.

संध्याकाळी तिला धाप लागली. पंप शोधला, दिला, पुन्हा दिला. नब्बू कुठूनतरी जीप घेऊन आला. रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी होती, लांबलचक. जीपमध्ये खाँ साहेब तिचं डोकं धरून तिच्यासमोर फू करत होते, "अशी, बेगम, अशी, बशीतला चहा," आणि ती त्यांच्या ओठांकडे बघून करायचा प्रयत्न करत होती. गाडीचे डबे संपायच्या आत तिने तो प्रयत्न सोडला.

तिचा चाळिसावा दिवस झाल्यावर छिद्दन खाँ एकटेच बरेलीला गेले. रांगेत बसले, पाळी आली तेव्हा आत गेले. डॉक्टर माथुरांनी त्यांच्या मागे पाहिलं, दार लागलं, आणि त्यांना कळलं.

"औषध नकोय," खाँ साहेब म्हणाले. "एक विचारायचंय. शेजारीण म्हणते, महिनाभर तिने रोजचा पंप घेतलाच नव्हता. बरं आहे, उगाच सवय कशाला, म्हणायची. ते एक. त्या दिवशी पाखरू छातीशी धरलं, ते दुसरं. आणि मी जी खाट सरकवत होतो..." ते थांबले. "यातलं कुठलं?"

"खाँ साहेब, असं वेगळं नाही सांगता येत."

"तुम्ही शिकलेल्या आहात. सांगा."

"थोडं थोडं सगळंच असेल."

"नाही. एकच सांगा. खाट म्हणालात तरी चालेल. मी त्यासाठीच आलोय."

डॉक्टर माथुरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मधले ते महिने होते ना, त्या गायल्या, बाजारात गेल्या. ते तुम्ही दिलेत. एवढंच मला नक्की सांगता येईल."

खाँ साहेबांनी मान हलवली. हे काही ते घ्यायला आले नव्हते. उठताना त्यांनी खुर्ची नीट टेबलाखाली सरकवली. दारापाशी पोचले तेव्हा डॉक्टरणीने विचारलं, "आणि ती पाखरं? अजून येतात?"

"येतात."

"मग काय करता?"

"काय करायचं, बिटिया," छिद्दन खाँ म्हणाले. "आता येतात तर येऊ देत. घरात श्वास लागणारं कुणी राहिलंय कुठं?"